तिसरं पाणी

२ जुलै

सेकंड इयरचा रिझल्ट लागला. बायोकेमिस्ट्रीत मी पहिली! अख्ख्या वर्गात पहिली! धावत स्वयंपाकघरात गेले आणि आयसी मावशीला सांगितलं. ती म्हणाली, "छान झालं. आता हातोडी घे आणि मागच्या खिडकीला फळ्या ठोक. वादळ येतंय."

शेजारचे म्हातारे टॉरन्स, म्हणजे सगळ्यांचे मास टॉरन्स, शिडी धरायला आले होते. माझा तिसरा खिळा वाकडा गेला तशी त्यांची टकळी सुरू झाली. "काय प्रोफेसर, किंग्स्टनला दोन वर्षं काढलीत, खिळ्याचं डोकं कुठल्या बाजूला असतं ते नाही शिकवलं?"

"मास टॉरन्स, मी त्याहून बारीक गोष्टी शिकते."

"खिळ्याहून बारीक? मग वादळ आलं की त्याच बारीक गोष्टी छपराला लाव."

न्योका खाली उभी राहून खो खो हसत होती. न्योका म्हणजे सोफीनची मुलगी, सहा वर्षांची. सोफीन ही मावशीची एकुलती एक लेक, समुद्रापलीकडे केमन बेटावर हॉटेलात काम करते. माझी आई गेली तेव्हा मी चार वर्षांची होते, तेव्हापासून मी मावशीकडे. आता न्योकाही मावशीकडेच. मास टॉरन्स म्हणतात, आयसीचं घर म्हणजे कोंबडीचे पंख, कुणाचंही पिल्लू आत घुसतं.

संध्याकाळी न्योकाला अणू शिकवले. कार्बनला चार हात, ऑक्सिजनला दोन, हायड्रोजनला एकच. सगळ्यांना हात धरायला कुणीतरी पाहिजे, नाहीतर चैन पडत नाही. तिने लगेच विचारलं, "आणि हात सोडला तर?" म्हटलं, काही हात पटकन सुटतात, काही सुटतच नाहीत. "मग मी हायड्रोजन," ती म्हणाली. "एका हाताने तुला धरणार, दुसऱ्या हातात आंबा."

सहा वर्षांची आहे! मला हे कॉलेजात जाऊन कळलं.

४ जुलै

आम्ही तिघी जिवंत आहोत. आधी तेवढं लिहून ठेवते.

स्वयंपाकघराचा पत्रा उडाला, तो खालच्या वळणावर सापडला. केळी सगळ्या आडव्या. नीरफणसाचं झाड मधोमध फाटलंय. अंगणातलं अकीचं झाड मुळासकट पडलं, लाल फळं चिखलात विखुरलीत, जवळजवळ सगळी बंद. फोन नाही, लाइट नाही. डोंगराची दरड रस्त्यावर आलीय. मास टॉरन्स चालत जाऊन बघून आले. म्हणाले, "बकरी जाईल. बकरीला काही काम असेल तर."

मावशीने पडलेल्या अकीच्या खोडावर हात फिरवला. ते झाड माझ्या आईने लावलेलं. मग न्योकाला ओरडून म्हणाली, "त्या फळांना हात लावायचा नाही! जी झाडावर आपणहून उघडली नाही ती अकी विषारी, ती आपली नाही."

७ जुलै

पीठ संपत आलंय. साखरेच्या डब्यात पाणी शिरलं, सगळा पाक होऊन वाहून गेला. परवा पडलेली केळी उकडून खाल्ली, काल एक कोनफळ तिघींत. खाऱ्या माशाचा एक तुकडा उरलाय, मावशी त्याच्याकडे रोज बघते आणि पुन्हा गुंडाळून ठेवते. न्योका आधी रडायची, आज रडली नाही. नुसती पायरीवर बसून होती. मला ते जास्त भीतीदायक वाटलं.

आणि समोर अंगणात एवढी अकी पडलीय!

मला ना, दुपारी एकदम सुचलं. मग मी मावशीला सगळं समजावून सांगितलं. रेणू केवढाही असो, त्याचा स्वभाव ठरतो त्याला कुठले गट चिकटलेत त्यावर. फंक्शनल ग्रुप. एखाद्याच्या अंगाला तेलकट शेपटी असते, तो पाण्याशी कट्टी करतो. अकीचं विष तसलं नाही. ते अमिनो आम्ल आहे. त्याच्या एका बाजूला अमिनो गट, दुसऱ्या बाजूला आम्लाचा गट, एकावर अधिक भार, एकावर उणा. असल्या रेणूला पाणी चारी बाजूंनी हात धरून ओढून नेतं. म्हणजे विष पाण्यात विरघळतं. म्हणजे उकळायचं, पाणी फेकायचं. पुन्हा उकळायचं, फेकायचं. पुन्हा एकदा. तीन पाण्यांनंतर काय राहणार?

मावशी ऐकत होती. मग म्हणाली, "कॅडी, न उघडलेली अकी माझ्या आजीने शिजवली नाही, आईने शिजवली नाही."

"कारण त्यांना कारण माहीत नव्हतं, मावशी! नुसतं भ्यायच्या. उघडलेल्या अकीचंसुद्धा पाणी आपण फेकतो ना? का फेकतो? हेच तर शास्त्र आहे."

"तुला परीक्षेत आलं होतं हे?"

"हो! आणि मला पूर्ण मार्क मिळाले."

ती बराच वेळ न्योकाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "इतकी वर्षं तुला शिकवलं. आता तुझ्यावर विश्वास नाही ठेवायचा तर कुणावर ठेवायचा?"

कसलं भारी वाटलं! मला पहिल्यांदाच कुणीतरी खरी शास्त्रज्ञ समजलं.

८ जुलै

जेवले! सगळ्या पोटभर जेवल्या!

मी सकाळी सुरीने बंद अकी फोडल्या. काळ्या बिया काढल्या, आतला गुलाबी पापुद्रा खरवडून टाकला. गर पिवळा नव्हता, जरा फिकट होता, पण बोटांना लोण्यासारखा लागत होता. शेगडी एकच, म्हणून मावशीने उरलेल्या पिठाचे गोळे, डंपलिंग, आधी उकडून ताटात झाकून ठेवले. मग अकीचं भांडं चढवलं. प्रत्येक पाणी मी स्वतः उचलून मागच्या खड्ड्यात ओतलं. तिसऱ्या वेळी न्योकाने हट्टच धरला, "मी ओतणार." भांडं जड होतं, मग दोघींनी दोन कान धरून ओतलं. थेंबही ठेवला नाही. ती खड्ड्यात वाकून ओरडली, "बाय बाय, विष!"

मग कांदा, मिरी आणि तो जपून ठेवलेला खारा मासा. वास सुटला तसे मास टॉरन्स कुंपणापाशी आले.

"आयसी, कुठून आणलीस ही अकी?"

"माझ्या शास्त्रज्ञाने बनवलीय," मावशी म्हणाली.

"मग नको. मला बिनशास्त्राची भूक बरी," म्हणाले आणि गेले. जुनी माणसं!

न्योकाने दोनदा मागून घेतलं. मावशीने दोन घास खाल्ले आणि आपलं ताट तिच्यापुढे सरकवलं. "तू खा गं, माझं पोट म्हातारं आहे." मीही खाल्लं, पण डंपलिंगच जास्त. न्योकाच्या गालावर तेल लागलं होतं, पुसू देत नव्हती.

९ जुलै, सकाळ

न्योकाला पहाटेपासून उलट्या होतायत. मलाही मळमळतंय, एकदा उलटी झाली. टाकीत वादळाची घाण गेलीय, त्याचंच असणार. मेलेले उंदीर, काय काय असेल. पाणी नीट उकळून घ्यायला हवं होतं. मावशी म्हणाली, "अकीचं तर नाही ना?" म्हटलं, नाही मावशी, ते शक्यच नाही, आपण तीन पाणी टाकलं.

शहाळ्याचं पाणी पाजलं. राहिलं नाही पोटात.

९ जुलै, दुपार

थांबल्या उलट्या! आता शांत झोपलीय. हात जरा गार आहेत, पण ताप नाही. मावशी तिला सारखी हलवून उठवायला बघते. मीच म्हटलं, झोपू दे तिला, दमलीय.

१२ जुलै

न्योका गेली.

हे वाक्य लिहून मी सकाळी वही मिटली होती. आता उरलेलं लिहिते.

त्या दुपारी तिला झटका आला. डोळे उघडे, पण आमच्याकडे बघत नव्हते. मास टॉरन्सनी स्वतःच्या घराचं दार बिजागरीतून उपटलं, त्यावर तिला घातलं आणि त्यांनी आणि त्यांच्या पुतण्याने ते खांद्यावर घेऊन दरड ओलांडली. म्हातारा माणूस, गुडघ्यापर्यंत चिखल, आणि सगळा वेळ तिच्याशी बोलत होता. "धर घट्ट, बाईसाहेब. राणीची पालखी निघालीय. रस्त्यातल्या बकऱ्या सलाम करतायत बघ." मी मागून चालत होते. मावशी तिचा पाय धरून चालत होती, सोडतच नव्हती.

आरोग्यकेंद्रात नर्सने बोटाला सुई टोचून साखर बघितली आणि धावलीच. शिरेतून ग्लुकोज लावलं. पण उशीर झाला होता. अंधार पडायच्या आधी गेली.

मी कॉटपाशी बसून होते. काचेतून व्हरांडा दिसत होता. नर्स मावशीला काहीतरी विचारत होती, मावशी सांगत होती. मग नर्स बोलायला लागली, बराच वेळ, हातवारे करून. मावशीने खांबाला हात टेकला. मग नर्स वळून काचेतून माझ्याकडे बघायला लागली, आत येणारच होती, पण मावशीने तिचं मनगट पकडलं. काहीतरी म्हणाली. पुन्हा म्हणाली. शेवटी नर्सने मान खाली घातली आणि दुसरीकडे निघून गेली.

मावशी आत आली. माझ्यासमोर गुडघ्यावर बसली आणि म्हणाली, "कॅडी, ऐक. तिसरं पाणी मी ठेवलं होतं."

"काय?"

"तू शेगडी फुंकत होतीस, तेव्हा मगाने काढून ठेवलं. घरात पाणी नव्हतं ना. त्यात डंपलिंग उकडले मी. तुझं काही चुकलं नाही. तू सांगितलंस ते बरोबर होतं. मीच तसं केलं नाही."

ते पाणी मीच ओतल्यासारखं वाटत होतं. पण ती म्हणते म्हणजे काढलं असेल आधी. डंपलिंग आधी झाले की नंतर, तेही धड आठवत नाही, डोकं नुसतं सुन्न आहे.

मी एकच विचारलं, "मावशी, मी एवढं समजावून सांगितलं होतं, तरी का?"

ती म्हणाली, "म्हातारी आहे मी. मला कुठे कळतं."

१५ जुलै

आता सगळं जुळतं आणि म्हणूनच जास्त राग येतो.

त्या विषात तीन कार्बनचा एक छोटा त्रिकोण असतो, वाकवून बांधलेल्या फांदीसारखा ताणलेला. शरीर ते विष मोडायला जातं तेव्हा तो त्रिकोण चरबी जाळणाऱ्या एका एन्झाइमला जाऊन चिकटतो. पाणी जसं हात धरतं आणि सोडतं तसं नाही. फणसाच्या चिकासारखं, एकदा लागलं की लागलं. एन्झाइम संपला. चरबी पडून राहते, जळत नाही. मग शरीर साखर जाळत सुटतं. मोठ्या माणसाच्या यकृतात साखरेचा साठा असतो. चार-पाच दिवस धड न जेवलेल्या पोरीच्या यकृतात काय असणार?

म्हणजे ती झोपली नव्हती. तिची साखर संपत होती. तेव्हा चमचाभर काकवी जरी तिच्या तोंडात गेली असती... मला मावशीने खरं आधी सांगितलं असतं तर मी लगेच ओळखलं असतं. अकीचंच आहे म्हणून ओळखलं असतं! पाण्याचं तिने लपवलं, म्हणून मी उंदरांच्या मागे लागले.

मी तिच्याशी बोलत नाही. ती माझ्या उशाशी पाणी ठेवून जाते.

१८ जुलै

आज नववी रात्र, गेलेल्या माणसासाठी सगळ्यांनी जमून जागायची. रस्ता परवाच मोकळा झाला, त्यामुळे केमनहून सोफीन पोचली. अंगणात ताडपत्री बांधली, तळलेले मासे, कॉफी, रम. म्हातारे डॉमिनो मांडून बसले, पण नेहमीसारखे सोंगट्या आपटत नव्हते. हळू ठेवत होते. लहान मुलाची नववी रात्र असली की गाणीसुद्धा अर्ध्यावर थांबतात.

सोफीन सगळ्यांसमोर म्हणाली, "आई, मला तुझ्या तोंडून ऐकायचंय. काय झालं?"

मावशी उभी राहिली. तेच सांगितलं. पाणी ठेवलं, डंपलिंग त्यात उकडले.

मास टॉरन्सच्या हातातली सोंगटी तशीच राहिली. "आयसी, तू? या डोंगरावरच्या निम्म्या बायकांना अकी साफ करायला तू शिकवलंस. त्या दिवशी तर—"

"टॉरन्स," मावशी म्हणाली, "तू आपला डाव खेळ."

ते तिच्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे बघितलं, बराच वेळ. मग टोपी पुढे ओढली आणि सोंगटी खाली ठेवली. न्योका गेली त्या दिवसापासून त्यांनी मला एकदाही प्रोफेसर म्हटलं नाही. त्यांचाही फार जीव होता तिच्यावर.

सोफीन ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "मी तिथे लोकांच्या पोरांना बर्फाचं पाणी नेऊन देते. आणि तू माझ्या पोरीला मगभर पाणी वाचवून मारलंस."

"हो," मावशी म्हणाली.

"आजपासून मला आई नाही."

"बरं," मावशी म्हणाली. "चार घास खाऊन घे पण."

सोफीनने ताट ढकललं. मी जाऊन सोफीनशेजारी बसले. मला वाटलं कुणीतरी तिच्या बाजूने बसायला पाहिजे. मावशीने आम्हा दोघींना तशा बसलेल्या बघितलं आणि, कसं सांगू, तिचा चेहरा थोडा सैल झाला. हे मला अजिबात आवडलं नाही. पश्चात्ताप झालेल्या माणसाचा चेहरा असा नसतो.

२१ जुलै

सोफीनबरोबरच निघाले, तिने भाड्याने आणलेल्या गाडीतून. सुट्टी संपायला अवकाश आहे, पण त्या घरात श्वास घेता येत नाही. मास टॉरन्स पडलेली अकी तोडायला कुऱ्हाड घेऊन आले होते, मावशीने तोडू दिली नाही.

निघताना तिने भाजलेल्या नीरफणसाचं पुडकं दिलं. मी म्हटलं, "नको." ती म्हणाली, "घे गं, रस्ता लांब आहे." मी गाडीत ठेवलं, सोफीनने पुढच्या वळणावर काच खाली करून फेकून दिलं.

"तू मात्र शिकत राहा, कॅडी," सोफीन म्हणाली. "या घरात कुणाला तरी काहीतरी माहीत असू दे." मी तिला तसा शब्द दिला.

८ सप्टेंबर

आम्हाला बायोकेमिस्ट्री शिकवणाऱ्या डॉ. पिनॉकना सगळं सांगितलं. बाई ऐकून घेतात, मध्ये बोलत नाहीत. मी म्हटलं, मला थर्ड इयरचा प्रोजेक्ट हाच करायचाय. बंद अकी घ्यायची, तीन वेळा उकळायची, प्रत्येक पाण्यात किती विष उतरलं आणि गरात किती राहिलं ते मोजायचं. म्हणजे पुन्हा वादळ आलं, पुन्हा भूक लागली, तर लोकांना सांगता येईल की पाणी नीट फेका, जेवा, मरू नका. न्योकाच्या नावाने करणार आहे.

बाई म्हणाल्या, "कॅडियन, तुला नक्की हाच विषय हवाय?"

"हो, मॅडम."

"दुसरे चांगले विषय आहेत माझ्याकडे."

"मला हाच हवाय."

त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, "ठीक आहे. मोज."

२६ सप्टेंबर

पहिलं मोजमाप. पहिल्या पाण्यात बरंच उतरलं. मस्त. दुसऱ्यात कमी, तिसऱ्यात अगदी थोडं. मला वाटलं, झालं, संपलं विष. मग गर वाटून यंत्रात घातला.

गरात अजून आहे. थोडंथोडकं नाही. जणू पाण्याने वरवरचं नेलं आणि आतलं तिथेच बसून राहिलंय.

माझंच काहीतरी चुकलं असणार. भांडं लहान होतं बहुतेक.

३ ऑक्टोबर

पुन्हा केलं. मोठं भांडं, जास्त पाणी. तेच.

तिसऱ्यांदा केलं. तेच. डॉ. पिनॉक मागे येऊन उभ्या राहिल्या, कागद बघितला आणि खांद्यावर हात ठेवला. "तुझं मोजमाप बरोबर आहे," म्हणाल्या. मी म्हटलं, नाही मॅडम, यंत्रच बिघडलं असेल. त्या म्हणाल्या, घरी जा, झोप काढ.

संध्याकाळी मास टॉरन्सच्या फोनवरून मावशीचा फोन आला. तिसऱ्यांदा आला म्हणून उचलला. घरून निघाल्यापासून पहिल्यांदाच बोलले तिच्याशी.

"जेवलीस का?"

"हो."

"अंगाला लागतंय का काही? अभ्यास कसा चाललाय?"

"अकीवरच काम करतेय," मी म्हटलं. "तीन पाण्यांत किती विष निघतं ते मोजतेय."

मला वाटलं लाइन गेली.

"मावशी?"

"बंद कर ते."

"काय?"

"बंद कर, कॅडी! जगात शिकायला दुसरं काही राहिलं नाही का? माशांचं शिक, डासांचं शिक. ते सोड. तुझ्या पाया पडते, ते सोड."

मावशीचा आवाज मी आयुष्यात कधी असा ऐकला नव्हता. ती रडत होती. न्योका गेली तेव्हाही ती अशी रडली नव्हती. मागून मास टॉरन्सचा आवाज येत होता, "आयसी, दे इकडे, दे तो फोन."

मी शांतपणे म्हटलं, "मावशी, मोजलं की खरं काय ते कळतं. त्याला कुणी काही करू शकत नाही." आणि फोन ठेवला.

बिचारी. आपण केलेलं आता आकड्यात लिहिलं जाणार, कायमचं, म्हणून घाबरली असणार. माझा राग थोडा कमीच झाला तिच्यावर. तरी मी थांबणार नाही, सोफीनला शब्द दिलाय. उद्या यंत्र साफ करून घेते आणि चौथ्यांदा मोजते.